सुर्खाचा मीर

"आठ रंग हायत, भाऊ दोन. चार-चार वाटून घ्यावं, ह्यात अवघड काय हाय?" असं शिवकुमार म्हणाला आणि मल्लेशचा चहा बशीऐवजी पायजम्यावर सांडला.

उदगीरचं कापडाचं दुकान, मागची जागा, देवघरातली चांदी, एवढंच काय तर आजोबांचा, आप्पांचा, पितळी अडकित्तासुद्धा गेल्या तीन महिन्यांत शांतपणे वाटला गेला होता. हत्तरग्यांची भांडणं गाजली ती लग्नांतली. वाटणीत कुणी आवाज चढवला नाही, याचं दोघांच्या आईला, गौरम्माला, मनातून बरं वाटत होतं. आता लातूरच्या औसा रोडवर, तिसऱ्या मजल्यावरच्या मल्लेशच्या हॉलमध्ये, वाटायची राहिलेली एकच वस्तू टीपॉयवर ठेवली होती. सरकत्या झाकणाची, वीतभर लांब अशी लाकडी पेटी. पेटीत गंजिफा, जुन्या काळचे पत्ते. तळहातात मावतील अशी गोल, हाताने रंगवलेली पानं. शहाण्णव असायला हवी होती. गेली अडतीस वर्षं पंच्याण्णवच होती.

"अर्धा गंजिफा घेऊन तू काय करणार हायस?" मल्लेश पायजमा झटकत म्हणाला.

"फ्रेम करून लावणार. नांदेडच्या घरात, टीव्हीच्या वर."

"म्हंजी जोड्यातली एक चप्पल तू घालणार, एक मी."

"आन तू काय करायलास, दादा? चप्पलच उचलून लोकाला द्यायलास की!"

मल्लेशनं गंजिफा एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं होतं. तिथल्या बाई सोमवारी येणार होत्या. काचेची पेटी आणि खाली आप्पांच्या नावाची पितळी पाटी, 'मलप्पा हत्तरगे, उदगीर यांच्या स्मरणार्थ'. डाळमिलवाल्या माणसाला नावाची पाटी म्हटलं की पाझर फुटतो. फॉर्मसुद्धा त्यानं भरून ठेवला होता. फक्त बाईंनी एक विचारलं होतं, पानं पूर्ण आहेत ना? म्हणून मल्लेशनं देगलूरला फोन लावला होता आणि आज दुपारी तिथला पानं रंगवणारा नक्काश येणार होता.

"त्या नक्काशाला घरात घेणार तू?" सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या कस्तुराबाईनं विचारलं. मलप्पांची ही लेक, मल्लेश-शिवकुमारची आत्या, शहात्तराव्या वर्षी मुखेडहून एकटी एसटीनं आली होती. कपाळावर भस्माची तीन बोटं ठळक, आणि बोलणं त्याहून ठळक. "ज्यानं पान नेलं, त्यालाच पंगतीला बसवा आता."

"आत्या, त्यांच्या घरून गेलेलं पान त्यांच्याच हातून भरून येईल. मी फोनवर तसंच बोललो."

"असं बोललास?" गौरम्मानं विचारलं. तिच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली.

"मग? खोटं हाय का, अव्वा?"

गौरम्मानं पाकळी उचलली आणि सोलायला लागली. पान कुठं होतं हे या जगात एकट्या तिला ठाऊक होतं. आणि आज त्या जागी नवं पान रंगवून बसवलं की तिचं खोटं लाखेखाली कायमचं बंद होणार होतं. एकाहत्तर वर्षांच्या बाईला भीती वाटू नये म्हणतात. म्हणणारे एकाहत्तरचे नसतात.

गौरम्माला हा खेळ शिकवला तो आप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी. मलप्पा हत्तरगे कापड फाडताना एक सूत इकडं-तिकडं होऊ देत नसत. दुपारी जेवण झालं की दुकानाला दीड तास कुलूप आणि आतल्या खोलीत सतरंजी. गंजिफ्याला तिघं लागतात. एक आप्पा, एक शेजारच्या भामाबाई. मुलगा शिवप्पा, म्हणजे गौरम्माचा नवरा, पानांना शिवत नसे. लेक कस्तुरा मुखेडला दिलेली. मग एके दिवशी आप्पांनी सुनेला हाक मारली होती, "गौरा, बाराच्या आत मोजाय येतंय का तुला?"

येत होतं. ताज, शमशेर, चंग, कुमाश असे आठ रंग, एकेका रंगात बारा पानं. घोड्यावरचा वजीर, गादीवरचा मीर, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. चार रंगांत दश्शी मोठी, चार रंगांत एक्का मोठा. नव्या माणसाचं डोकं फिरतं ते इथंच. आप्पा समजावायचे, "काही घरात थोरला मोठा असतंय, काही घरात धाकली. रंग बघून वागायचं, गौरा." ती तेव्हा घरात सगळ्यांत धाकली होती. तिला ते फार आवडलं होतं.

दिवसा डाव उघडायचा तो सुर्ख रंगाच्या मीरनं. सुर्ख म्हणजे लाल, उन्हाचा. ज्याच्या वाट्याला सुर्खाचा मीर आला, त्याचा डाव. मात्र पान टाकण्याआधी गंजिफा घडवणाऱ्या नक्काशाचं नाव घ्यायचं, ही आप्पांच्या घरची रीत. नक्काशाला पानावर आपलं नाव घालता येत नाही. पाठीवर एवढीशी खूण राहिली तरी पान उलटं असताना ओळखू येतं आणि खेळ खोटा होतो. म्हणून नक्काशाचं नाव पानावर नाही, खेळणाऱ्याच्या तोंडात. आप्पा मीर दोन बोटांत धरायचे, त्याचं नाव आणि गाव म्हणायचे, "दस्तगीर नक्काश, निर्मल," आणि मग टाकायचे.

अडतीस वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी मीर धरला, नाव घेतलं, आणि पान पडलंच नाही. हात तसाच राहिला आणि आप्पा भिंतीला टेकले. भामाबाई ओरडत रस्त्यावर पळाल्या. आंघोळ घालताना आप्पांची उजवी मूठ उघडेना. आत काय आहे ते गौरम्माला ठाऊक होतं. जोर लावला असता तर बोटं सुटली असती. तिनं लावला नाही. लिंगायताला बसवून माती देतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून. गौरम्मानं उजव्या मुठीवर शालीचं टोक ओढलं, वर बेलपानं आणि फुलं रचली. विधी करणाऱ्या स्वामींनी पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही. आप्पा समाधीत बसले ते एका हातात देव आणि एका हातात डाव घेऊन.

पंधरा दिवसांनी पानं मोजली तर एक कमी. महिन्याभरापूर्वीच देगलूरचा महेबूब नक्काश पाठींना नवी लाख द्यायला गंजिफा घेऊन गेला आणि परत आणून दिला होता. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, कस्तुराबाई म्हणाली, "नक्काशानं पान ठिवून घेतलं." भामाबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "मला बाई नीट दिसत न्हाई, गौराला विचारा, ती रोज खेळती." आणि गौरानं मान खाली घातली. बोलली असती तर समाधी उकरली असती. निदान तेव्हा तिला तसं वाटलं. शिवप्पा दोन माणसं घेऊन देगलूरला जाब विचारायला गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, फक्त इथं चोरही नव्हता. त्यानंतर महेबूबनं गंजिफ्याला हात लावला नाही. दुकानांच्या पाट्या रंगवून संसार केला. नवरा गेल्यावर तरी आपण बोलू, असं गौरम्मा स्वतःला सांगत आली होती. त्यालाही आठ वर्षं झाली.

महेबूब आला तो मुलीच्या, सुमय्याच्या, खांद्यावर हात ठेवून. ऐंशीचा म्हातारा, पांढरा कुर्ता, डोळ्यांवर जाड चष्मा. मोतीबिंदू काढलेल्या एका डोळ्यानं थोडं दिसायचं, दुसऱ्यानं नुसतं धुकं. सुमय्या देगलूरच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती इथं खुशीनं आलेली नाही.

"सलाम, भाभी," महेबूब हॉलच्या भलत्याच कोपऱ्याकडे बघून म्हणाला.

"या, महेबूबभाई. बसा." गौरम्मा म्हणाली.

मल्लेशच्या बायकोनं, अंजूनं, सोफ्यावरची उशी सरकवली. म्हाताऱ्यानं मान हलवली. "सोफ्यावर न्हाई बेटी. गंजिफा जमिनीवर ठिवून, वाकून बघायचा असतो. आन जरा हात धुवाय पानी दे."

हात धुऊन त्यानं स्वतःच्याच रुमालाला पुसले. बाल्कनीतून ऊन आत येत होतं तिथं अंजूनं सतरंजी अंथरली. सुमय्यानं पेटी उघडून त्याच्यापुढे ठेवली. म्हाताऱ्यानं पेटीवर दोन्ही हात ठेवले. मग त्यानं चष्मा काढून बाजूला ठेवला.

"चष्मा काढून काय दिसणार?" शिवकुमार अंजूच्या कानात पुटपुटला.

म्हाताऱ्यानं पहिलं पान उचललं, अंगठा पानावरून एकदा फिरवला. "शमशेर. चौक." सुमय्यानं पान घेऊन सगळ्यांना दाखवलं. हिरव्या जमिनीवर चार तलवारी. दुसरं पान. "चंग. वजीर. घोडा डाव्या अंगाला चाललाय." खरंच चालला होता. "कुमाश. सत्ती." "ताज. एक्का." शिवकुमार आधी हसत होता, मग उठून सतरंजीच्या कडेला उकिडवा बसला. दहाव्या पानानंतर कुणाचं हसू राहिलं नाही. रंगाचा थर बोटाला लागावा तो किती? कागदावर पडलेल्या केसाएवढा. त्या केसाएवढ्या उंचवट्यावरून म्हाताऱ्याचा अंगठा चालत होता आणि दीडशे वर्षांपूर्वीची एकेक रेघ नाव सांगत बाहेर येत होती.

एका पानावर अंगठा अडला. तो पुन्हा मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"हे आमच्या दस्तगीरबाबांचं न्हाई."

"मग कुणाचं?" मल्लेशनं विचारलं. त्याच्या आवाजातली मिल बंद पडली होती.

"त्यांच्या बीबीचं. आमिनाबीचं. बाबा फुलाचा देठ खालून वर वढायचे. जिथं कुंचला उचलला तिथं वर बारीक टोक राहतं. हिचं टोक खाली हाय." त्यानं पान अंजूच्या हातात दिलं. "ऊन तिरपं धर, बेटी. बघ."

अंजूनं पान उन्हात धरलं. पिवळ्या जमिनीवर बोटाच्या पेराएवढं फूल, त्याला पाच पाकळ्या, पाकळीत शिरा, आणि खाली देठाचं टोक इतकं बारीक की तिला श्वास रोखून बघावं लागलं. वीस वर्षं ही पेटी तिच्या कपाटात साड्यांखाली होती. नवरात्रात कपाट आवरताना ती पेटी उचलायची आणि पुसून ठेवायची, एवढंच. "अगं बाई," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. का ते तिला सांगता आलं नसतं.

"खारीच्या शेपटीच्या केसाचा कुंचला," सुमय्या हळूच म्हणाली. तिचाही राग जरा बाजूला सरला होता. "आणि खाली कागद नाही, कापड आहे. जुन्या धोतराचे थर, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलेले. वर पांढरी माती, मग अकीकच्या दगडानं घोटायचं. एक पान घोटायला एक सकाळ जाते."

"धोतर कुणाचं?" शिवकुमारनं विचारलं.

"हत्तरग्यांचं," महेबूब म्हणाला. "तुमच्या मलप्पाच्या आजानं गंजिफा करायला सांगितला तवा दस्तगीरबाबांनी त्यांच्याच घरची जुनी धोतरं मागून आणली. ज्याच्या घरचा खेळ, त्याच्या घरचं कापड. तुमचीच माणसं हायती आत."

 शिवकुमारनं हातातलं पान दोन्ही हातांनी धरलं, लहान लेकराला धरतात तसं. चार-चार रंग वाटून घ्यायची गोष्ट त्या दुपारनंतर त्यानं कधी काढली नाही.

पंच्याण्णव पानं झाली. म्हाताऱ्यानं कुर्त्याच्या आतल्या खिशातून एक घडी काढली. घडीत घडी, आत मलमलीचा तुकडा, आणि त्यात एक गोल पान. एका बाजूला लाल लाख, दुसरी बाजू कोरी, हस्तिदंतासारखी गुळगुळीत.

"नक्काश शहाण्णव पानं कधी करत न्हाई. एक-दोन जास्तीची करतो, त्याच धोतराची, त्याच खळीची. पुढं एखादं हरवलं तर दुसऱ्या कापडाचं पान चालत न्हाई. पाठीवरनं ओळखू येतं. हे दस्तगीरबाबांनी कापलं. शेवटचं राहिलेलं हाय." त्यानं ते कोरी बाजू खाली करून बाकीच्या पानांत सारलं, सगळी पानं उपडी करून सतरंजीवर पसरली आणि मल्लेशला म्हणाला, "सेठ, हुडका."

मल्लेश डाळीच्या दाण्यावरून शेत सांगणारा माणूस. त्यानं पाठी पाहिल्या, वाकून पाहिल्या, नखानं वाजवून पाहिल्या, नाकाशी नेऊन पाहिल्या. शिवकुमारनं पाहिलं. शहाण्णव लाल पाठी उन्हात सारख्या चमकत होत्या.

"न्हाई बा सापडत," मल्लेश म्हणाला आणि तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

"लाख मी दिली व्हती. बाकीच्या पानांना दिली त्याच दिवशी, ह्यालाबी. अडतीस साल झाले."

आता सोफ्यावरून कस्तुराबाई बोलली. इतका वेळ ती गप्प होती, आणि गप्प राहणं तिला कधी मानवत नसे. "कोरं पान घरात व्हतं तर तवाच का न्हाई रंगवून आणून दिलं? अडतीस वर्षं काय त्याची पूजा करत व्हता?"

म्हाताऱ्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "आक्का, तवा आणून दिलं असतं तर तुमी काय म्हणला असता? चोरानं माल परत केला. पान दिलं की चोरी कबूल."



"मग आज तरी रंगवा, चाचा," मल्लेश समजुतीनं म्हणाला. "झालं गेलं..."

"झालं गेलं कसं?" सुमय्या म्हणाली. "फोनवर तुम्हीच म्हणालात ना, तुमच्या घरून गेलेलं पान तुमच्याच हातून भरून द्या? देगलूरच्या बाजारात अब्बांना लोक 'पानचोर' म्हणायचे. मी शाळेत जायची तर मला 'पानचोराची पोरगी'. पान मी आज इथं बसून रंगवते, हात शिकवलेला आहे. पण ते भरपाई म्हणून रंगवणार नाही."

"दादा, ती बरोबर बोलायलीय," शिवकुमार म्हणाला. सकाळपासून त्यानं भावाला विरोध केला होता, पण असा खाली मान घालून पहिल्यांदाच. अंजूनंही नवऱ्याकडे पाहिलं, आणि मल्लेशला कळलं की आपल्याच हॉलमध्ये आपण एकटे पडलो.

"आन मग पान गेलं कुठं?" कस्तुराबाई सोफ्यावरून ओरडली. "पाय फुटले त्याला?"

गौरम्मा उठली. लसणाचं ताट बाजूला ठेवलं, पदर नीट घेतला. ऊन सतरंजीच्या मध्यावर आलं होतं. आत्ता नाही बोललो तर आपल्यालाही आप्पांसारखं मूठ मिटूनच जायचंय, असं तिला वाटलं.

"आप्पांजवळ हाय," ती म्हणाली.

"काय?"

"सुर्खाचा मीर. आप्पांच्या मुठीत व्हता. मूठ सुटंना, म्या सोडवली न्हाई. तसाच समाधीत बसवला. वर शाल म्या घातली. फुलं म्या घातली." तिला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. "महेबूबभाई, तुमी चोर न्हाई. चोर मी हाय. भामाबाई म्हणल्या गौराला विचारा, आन म्या मान खाली घातली. मला तवाच बोलायचं व्हतं. न्हाई बोलले. भ्याले."

कुकरची शिट्टी झाली तरी अंजू उठली नाही.

"समाधीत?" कस्तुराबाई म्हणाली. "लिंगाच्या शेजारी? गौरा, बापाला माझ्या... पानं खेळायचं पान हातात दिऊन पाठवलीस?"

"दिलं न्हाई, वन्सं. त्यांनी धरलं व्हतं."

महेबूब मान खाली घालून बसला होता.  तो म्हणाला, "अडतीस साल, भाभी. माझी बीबी गेली, तीबी विचारतच गेली, खरंच तुमी न्हाई ना घेतलं म्हणून." गौरम्मानं हात जोडले. त्याला ते दिसलं नाही. सुमय्याला दिसलं आणि तिनं तोंड फिरवलं.

मग म्हाताऱ्यानं डोकं वर केलं. आवाज अगदी वेगळा होता, दोन खेळणारे बोलतात तसा. "कोणत्या हातात?"

"उजव्या. डाव्या हातात लिंग व्हतं."

"पाठ वर व्हती का तोंड?"

"पाठ वर. डाव उघडला न्हवता अजून."

"हां," म्हातारा म्हणाला. "बराबर. उघडायच्या आधी तोंड दाखवायचं नस्तं." आणि मग, जणू स्वतःशी, "लाखेचं पान हाय. मातीत इतक्यात गळत न्हाई. म्हंजी मलप्पासेठ अजून धरूनच बसल्यात."

 इतकी वर्षं गौरम्मानं त्या मुठीचा विचार पापासारखा केला होता. उदगीरच्या मातीत, अंधारात, एक लाल सूर्य आप्पांच्या हातात तसाच आहे, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

सोफ्यावरून हुंदका ऐकू आला. कस्तुराबाई पदर तोंडात धरून रडत होती. आत्याला रडताना मल्लेशनं कधी पाहिलं नव्हतं, शिवकुमारनंही नाही.

"नाव घेतलं व्हतं का त्यांनी?" तिनं विचारलं.

"घेतलं व्हतं, वन्सं."

"मला कधी बोलवलं न्हाई खेळाय. माहेराला आले की दाराआडून ऐकायची मी. दस्तगीर नक्काश, निर्मल. सुनेला शिकवलं, लेकीला न्हाई." तिनं नाक पुसलं. "त्याचाच राग व्हता मला. गंजिफ्याचा. आन काढला कुणावर बघ."

सुमय्यानं दप्तरातून रंगाच्या डब्या काढल्या होत्या. हिंगुळाचा लाल, सोन्याचा वर्ख. तिनं वडिलांकडे पाहिलं. "काढू का मीर, अब्बा?"

"नको," म्हातारा म्हणाला. "एका गंजिफ्यात सुर्खाचे दोन मीर नसतात. एक हाय ना, त्याच्या मालकाजवळ."

"पण संग्रहालयाच्या बाई..." मल्लेशनं सुरुवात केली.

"त्यांना सांग, पंच्याण्णव पानं आन एक कोरं," गौरम्मा म्हणाली. "का कोरं ते विचारलं तर मी सांगते."

टीपॉयवर मल्लेशचा फॉर्म पडला होता. अंजूनं तो घेतला. 'कारागीर' या शब्दापुढं नवऱ्याच्या अक्षरात 'अज्ञात' लिहिलेलं होतं. तिनं पेन उचलून ते खोडलं आणि सुमय्याजवळ जाऊन बसली. "नावं सांग," ती म्हणाली. "आमिनाबीपासून सांग."

गौरम्मा सतरंजीवर बसली. गुडघे करकरले. तिनं शहाण्णव पानं गोळा केली, पिसली, आणि तिचे हात आपोआप चालायला लागले, उजवीकडून, चार-चार करत. महेबूबपुढं एक ढीग, स्वतःपुढं एक, आणि तिसरा मोकळ्या जागेपुढं.

"वन्सं, खाली या."

"मला येत न्हाई."

"बाराच्या आत मोजाय येतंय का?"

कस्तुराबाईनं तिच्याकडे पाहिलं. ते वाक्य कुणाचं ते तिला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पण लेक होती ती. शिवकुमारच्या हाताला धरून ती सोफ्यावरून उतरली, सतरंजीवर बसली, आणि आपली बत्तीस पानं एकेक करून उचलायला लागली. सुमय्या वडिलांच्या कानाशी लागून त्यांची पानं सांगत होती. खरं तर गरज नव्हती. अंगठा केव्हाच कामाला लागला होता.

"गौरा," कस्तुराबाई म्हणाली, "ह्याच्यावर काईच न्हाई."

तिच्या हातात कोरं पान होतं.

गौरम्मानं बाल्कनीकडे पाहिलं. ऊन लख्ख होतं. तीन वाजले असतील नसतील. "मग डाव तुमचा, वन्सं. दिवस हाय. तुमीच उघडा. पर आदी नाव घ्यावं लागतंय."

"ठावं हाय मला. दस्तगीर..."

"दस्तगीरबाबांनी ते कापलं. राखलं कुणी?"

अडतीस वर्षं कस्तुराबाईनं त्याला 'तो नक्काश' म्हटलं होतं. मुखेडच्या घरात, लग्नांत, बारशांत, जिथं विषय निघेल तिथं. तिनं पान दोन बोटांत धरलं, बापासारखं, पाठ वर करून. समोर म्हातारा कान देऊन बसला होता. 

"महेबूब नक्काश," ती म्हणाली. आवाज कापला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, या वेळी पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं, पूर्वी भर दुकानात बोलली होती तसं. "महेबूब नक्काश, देगलूर."

आणि पान टाकलं.